कथा लिहिण्याआधी तिचा वार ठरवा

माझ्या पहिल्या कथेला आराखडा नव्हता असं नाही. चांगला चार पानी होता, आणि त्यानंच घात केला.

कथा लालबागच्या चाळीतली. गिरणी संपात घर कोसळल्यावर खाणावळ चालवून पोराला वाढवणारी बाई. वहीत १४ घटना ओळीनं मांडल्या होत्या: लग्न, कोकणातून मुंबईला येणं, जानेवारी १९८२ मधला संप, मोडलेली पाटली, नवऱ्याचं आजारपण, असं करत थेट नातवाच्या बारशापर्यंत. दिवाळी अंकाची शब्दमर्यादा होती ३,०००. म्हणजे घटनेला जेमतेम २१४ शब्द. हा साधा भागाकार मी कथा परत आल्यावर केला. पावसाळ्याचे दोन महिने त्यात गेले होते आणि पुढे वर्षभर मी काहीच लिहिलं नाही.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोनं १८४२ साली एका परीक्षणात म्हटलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकच असावा. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग झाला नाही, कारण आराखडा म्हणजे घटनांची यादी हेच डोक्यात बसलं होतं.

शेवटी ओळखीतल्या एका वाचनवेड्या काकूंनी कथा वाचून एवढंच विचारलं, "अगं, हे सगळं कुठल्या दिवशी चाललंय?" मला उत्तर देता येईना.

इथे जरा थांबा, कारण नवे लिहिणारे बहुतेक इथेच अडकतात. पात्राचं आयुष्य तीस वर्षांचं असेल, पण कथेला स्वतःचा एक 'आज' लागतो. तो ठरला नाही की प्रत्येक घटना सारख्याच वजनाची होते आणि लिहिणारा नुसता 'मग, मग' करत पुढे जातो. मी वार ठरवला: रविवार, दुपारची जेवणं आटोपलेली. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी मुलाला वडिलांच्या नोकरीचा पुरावा हवाय. ट्रंकेत कागद एकच आहे, १९८३ ची पगारपावती. बाप शेवटपर्यंत संपात टिकला, असं आईनं मुलाला आयुष्यभर सांगितलेलं. पावती दाखवावी तर बाप संप चालू असतानाच कामावर गेला होता हे उघडं पडतं, आणि न दाखवावी तर घर जातं.

आता १४ पैकी तीनच घटना उरल्या, ज्या त्या ट्रंकेला चिकटलेल्या होत्या. संप आपोआप आत आला, मला वेगळा सांगावा लागला नाही. नवा आराखडा अर्ध्या पानात बसला. दुपार कोणती, कोणाला काय हवंय, कोण काय लपवतंय आणि कुठे थांबायचं, एवढंच त्यात होतं. थांबायची जागा मी आधी लिहिली: पावती मुलाच्या हातात, साल अजून वाचलेलं नाही.

गाळलेल्या ११ घटना वाया गेल्या का? अजिबात नाही. ती बाई पदर कसा खोचते, हिशेब कुठे लिहिते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं होतं. तेव्हा चार पानं लिहून झाली असतील तर फाडू नका, घाबरूही नका. फक्त त्यांना आराखडा समजू नका.

सिनेमाच्या पटकथेचे सुरुवात, मध्य, शेवट असे तीन अंकांचे साचे लघुकथेला लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ३,००० शब्दांत तेवढी जागाच नसते. आणि प्रत्येक खर्ड्याला "छान जमलंय" म्हणणारा मार्गदर्शक असेल तर त्याला पुढचा खर्डा दाखवू नका. एक प्रश्न विचारणारं माणूस शोधा, मग ते लेखक नसलं तरी चालेल.

घटनांची यादी करत बसायची सवय सहज सुटते, असंही नाही. सध्या एका एसटी वाहकाची कथा डोक्यात आहे. वहीत घटना नऊ झाल्यात. वार अजून सापडलेला नाही, म्हणून पहिलं वाक्य लिहिलेलं नाही.