हेलिकॉप्टर उतरवायला शिकताना: ‘आर्मा 3’च्या नव्या पायलटांसाठी

‘आर्मा 3’ या संगणकावरच्या लष्करी खेळात हेलिकॉप्टर हवेत न्यायला कोणाला शिकवावं लागत नाही. कलेक्टिव्ह (रोटरची उचल कमी-जास्त करणारं नियंत्रण) वर, नाक जरा खाली, की निघालात. एखादी संध्याकाळ खेळातल्या अल्टिस बेटाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने भटकलात की आपल्याला जमलं असं वाटायला लागतं. मग एखाद्या सर्व्हरवर हौसेने वाहतूक पायलटचा स्लॉट घेता, हमिंगबर्ड या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये सहा जण चढतात, आणि एलझेड (लँडिंग झोन, उतरायची जागा) समोर आल्यावर लक्षात येतं की आपल्याला उडता येतं, थांबता येत नाही.

मी लिहितेय ते याच टप्प्यावर अडकलेल्यांसाठी. कलेक्टिव्ह, सायक्लिक, पेडल म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. बटणं कुठली ठेवायची हेही सांगत बसणार नाही. जी आहेत ती ठेवा आणि निदान महिनाभर बदलू नका. दर दोन दिवसांनी बटणं बदलणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या बोटांना कधीच काही पाठ होत नाही.

आधी कडू बोलून घेते. या खेळात पायलटची चूक पायलटपुरती राहत नाही. तुमच्या मागे बसलेल्यांनी ब्रीफिंग ऐकलेलं असतं, सामान भरलेलं असतं, तुमची वाट पाहिलेली असते. ज्या मिशनमध्ये मेल्यावर पुन्हा स्पॉन होता, म्हणजे खेळात परतता येत नाही, तिथे तुम्ही झाडात घातलेलं एक हेलिकॉप्टर म्हणजे सहा जणांची अख्खी संध्याकाळ प्रेक्षक म्हणून. त्यामुळे ‘चालू सर्व्हरवर शिकू हळूहळू’ हा विचार सोडून द्या. व्हॉइसवर शिव्या पडल्या तर त्या रास्त असतात. पण म्हणून घाबरूनही जाऊ नका. जे शिकायचं आहे ते फार नाही, आणि त्यातलं जवळजवळ सगळं एकट्याने, कोणाचं नुकसान न करता शिकता येतं.

त्यासाठी ईडन एडिटर, म्हणजे स्वतःची मिशन मांडायचं साधन, उघडा. 2016 पासून तो खेळातच आहे. व्हर्च्युअल रिअॅलिटीचा सपाट, रिकामा नकाशा घ्या, मधोमध एक हेलिपॅड ठेवा, दोन किलोमीटरवर हमिंगबर्ड ठेवा. झाडं नकोत, शत्रू नको, तारा नकोत. कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या.

आता मुख्य गोष्ट. नव्या पायलटचं उतरणं जवळपास ठरलेल्या पद्धतीनेच बिघडतं, आणि माझं तर फार दिवस बिघडत होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही ताशी दोनशे किलोमीटरने, तीसेक मीटर उंचीवरून येताय. एलझेडवरचा धूर दिसतो. अजून लांब आहे असं वाटतं. मग एकदम तो जवळ येतो आणि तुम्ही दचकून नाक वर ओढता, कारण नाक वर केलं की वेग कमी होतो हे माहीत असतं. वेग कमी होतोही. पण कलेक्टिव्ह तुम्ही प्रवासातच ठेवलेलं असतं, म्हणजे रोटर अजून पूर्ण जोराने ढकलतोय. त्यात रोटरची चकती मागे कलल्यामुळे समोरून येणारी हवा तिच्या खालच्या बाजूला आदळते आणि उचल आणखी वाढते. परिणाम: हेलिकॉप्टर थांबण्याआधी वर चढतं. तीस मीटरचे सत्तर होतात. एलझेड पोटाखाली जाऊन दिसेनासा होतो. आणि तुम्ही झाडांच्या शेंड्यांच्या वर, वेग शून्य, आसपासच्या प्रत्येक मशीनगनवाल्यासाठी आयतं निशाण.

इथपर्यंत चूक अर्धीच झालेली असते. पुढची अर्धी घाबरल्यामुळे होते. उंची घालवायची म्हणून तुम्ही कलेक्टिव्ह एकदम खाली टाकता, हेलिकॉप्टर दगडासारखं सरळ खाली येऊ लागतं, जमीन अंगावर येते तसं कलेक्टिव्ह पुन्हा वर ओढता, आणि तोवर उशीर झालेला असतो.

बहुतेक जण यावरून ‘मी नाक फार जोरात ओढलं’ असा धडा घेतात. तो धडा चुकीचा आहे. मग ते पुढच्या वेळी नाक हळू ओढतात, थांबायला अंतर पुरत नाही, आणि एलझेड ओलांडून पलीकडच्या शत्रूच्या डोक्यावर जाऊन थांबतात. दोष नाकात नसतो, क्रमात असतो. कलेक्टिव्ह आधी खाली, नाक नंतर वर. कलेक्टिव्ह उतरवलं की हेलिकॉप्टर खाली बसायला लागतं. नाक वर केलं की ते वर चढायला बघतं. ही दोन्ही ओढाताण एकमेकांना कापते, आणि उंची जवळपास तिथेच राहून फक्त वेग गळतो. मग वेग जसजसा संपत येईल तसतसं नाक परत खाली समतल करत आणायचं आणि कलेक्टिव्ह परत वर घ्यायचं, कारण वेगाने मिळणारी उचल आता संपलेली असते. म्हणजे हात उतरण्याच्या अख्ख्या वाटेवर चालू हवेत. ‘ब्रेक लावला आणि थांबलो’ असा एक क्षण हेलिकॉप्टरमध्ये नसतोच.

आकडे हवे असतील तर हे माझे, हमिंगबर्डसाठी. ताशी दोनशेने येत असाल तर एलझेडपासून साधारण 900 मीटरवर कलेक्टिव्ह उतरवायला सुरुवात. 300 मीटरवर वेग 120च्या आसपास. 100 मीटर उरले असताना 60. तीनशेवर असताना वेग दीडशेच्या वर असेल तर ते उतरणं विसरा, पुढे निघून जा. हे आकडे भित्रे आहेत, मान्य. अनुभवी पायलट याच्या निम्म्या अंतरात थांबतात. पण आधी हे घोटा. मोहॉक या मोठ्या हेलिकॉप्टरमध्ये सोळा माणसं बसतात आणि तो सहजी वेग सोडत नाही, त्यामुळे तिथे याहूनही आधी सुरुवात करा.

सराव करताना डोळे कुठे आहेत याकडेही लक्ष द्या. हेलिपॅडकडेच टक लावली तर उंची वाढतेय हे कळत नाही. मी उभ्या वेगाच्या (वर-खाली जाण्याच्या) आकड्यावर नजर ठेवायला लागले तेव्हा कुठे हात सुधारला. वेग कमी करताना तो आकडा शून्याच्या वर जाता कामा नये. किंचित उणे चालेल. अधिक दिसला की कलेक्टिव्ह आणखी थोडं खाली, नाकाला हात न लावता. नाकामुळे समोरचं दिसेनासं झालं तर ऑल्ट दाबून बाजूच्या काचेतून खाली बघा, किंवा सरळ येण्याऐवजी जरा तिरकं या, म्हणजे एलझेड शेवटपर्यंत खांद्याशी दिसत राहतो. आणि हे चारी दिशांनी करा, नाहीतर तुम्ही उतरायला शिकत नाही, एक रस्ता पाठ करता.

सपाट नकाशावर जमू लागलं की मग झाडांमध्ये, उतारावर, रात्री.

आता प्रगत फ्लाइट मॉडेलबद्दल, म्हणजे हेलिकॉप्टरला खऱ्याच्या जास्त जवळ वागायला लावणाऱ्या पर्यायाबद्दल. 2014च्या हेलिकॉप्टर डीएलसीच्या (खेळाला जोडायच्या वेगळ्या भागाच्या) वेळी ते खेळात आलं. ऐच्छिक आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते चालू करावं की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझं मत: साध्या मॉडेलवर वर सांगितलेला क्रम हातात बसेपर्यंत करू नका. पण नंतर जरूर करा, कारण साधं मॉडेल एका बाबतीत फार लाड करतं. त्यात सरळ खाली पडत असताना कलेक्टिव्ह ओढलं की हेलिकॉप्टर सावरतं. प्रगत मॉडेलमध्ये तसं होईलच असं नाही. पुढचा वेग जवळजवळ नसताना, इंजिनाचा जोर लावलेला असताना आणि मिनिटाला तीनशे फुटांहून जास्त वेगाने तुम्ही सरळ खाली येत असाल, तर रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत शिरतो. याला व्हॉर्टेक्स रिंग स्टेट म्हणतात, खऱ्या पायलटांनाही ते शिकवतात. मिनिटाला तीनशे फूट म्हणजे सेकंदाला दीड मीटर, दिसायला किती हळू! यात अडकल्यावर कलेक्टिव्ह ओढलं तर पडणं आणखी वाढू शकतं, आणि हाताला तर नेमकं तेच करावंसं वाटतं.

सुटायचं कसं? उंची असेल तर कलेक्टिव्ह थोडं उतरवा, नाक खाली करा आणि पुढे वेग घ्या. ताशी तीस ते पंचेचाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात रोटरला परत स्वच्छ हवा मिळते आणि हेलिकॉप्टर हलकं झाल्याचं जाणवतं. स्विस पायलट क्लोद व्हुइशार यांच्या नावाने ओळखली जाणारी, बाजूला सरकून सुटण्याची पद्धतही आहे आणि तिच्यात उंची कमी जाते, पण ती नंतर शिका. खरं तर क्रम बरोबर असेल तर तुम्ही झाडांच्या वर वेग शून्य करून टांगलेलेच राहणार नाही, आणि या भानगडीत पडायची वेळ क्वचितच येईल. दोन्ही आजार एकाच ठिकाणी सुरू होतात: 900 मीटरवर झोपलेला डावा हात.

ऑटो-हॉवर. हे बटण आहे, आणि घाईत आलेला प्रत्येक नवखा ते शोधून काढतो. एलझेडवर पोचलं की दाबायचं, हेलिकॉप्टर आपोआप स्थिर होतं, मग कलेक्टिव्ह कमी करत खाली. वापरू नका असं मी सांगते, आणि यावर मला बरेच जण हटवादी म्हणतात. ऑटो-हॉवर थांबवतं ते त्याच्या सवडीने, तुमच्या एलझेडवर नाही, आणि तेवढा वेळ सगळे जण हवेत उघडे असतात. सगळ्यात वाईट म्हणजे ते तुमच्याकडून नेमकं तेच कौशल्य काढून घेतं जे शिकायला तुम्ही बसला आहात. स्लिंगने (पोटाखाली दोराला टांगून) कंटेनर उचलताना वापरा, तिथे ते खरंच उपयोगी आहे.

जॉयस्टिक नसेल तर घेऊ नका. निदान आत्ता नको. माऊस आणि कीबोर्डवर उत्तम उडवणारे भरपूर आहेत. कॅमेरा बाहेरचा ठेवला तर शेपटी झाडाला लागतेय का ते दिसतं, हे खरं. पण कित्येक सर्व्हर बाहेरचा कॅमेरा बंद ठेवतात, तेव्हा आतून शिकलेलं बरं.

गुरूंबद्दल थोडं. व्हिडिओत जे लोक दोनशेच्या वेगाने येऊन, हेलिकॉप्टर आडवं करून, गिरकी घेत दोन गल्ल्यांच्या मधे टेकवतात, त्यांच्याकडून शिकू नका. ते जमवतात, पण शिकवत नाहीत. शिवाय न जमलेल्या वेळा व्हिडिओत नसतात. तुमच्या गटात एखादा रटाळ पायलट असेल. तो नेहमी एकाच पद्धतीने येतो, त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नाही आणि त्याचं हेलिकॉप्टर परत येतं. त्याच्या शेजारी को-पायलट म्हणून बसा आणि तोंड बंद ठेवून बघा, तो कुठे वेग सोडायला सुरुवात करतो. परतीच्या वाटेवर, मागे कोणी नसताना, त्याने कंट्रोल तुमच्याकडे दिले तर सोनं. मात्र तुमच्या कानात सतत ‘वर, वर, अरे खाली, डावीकडे’ असं ओरडणारा शिक्षक नको. त्याने तुमचे हात चालतात, डोकं चालत नाही.

शत्रूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खाली राहा, डोंगराच्या आडून या, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत जाऊ नका. टायटन क्षेपणास्त्राने लॉक केल्याची धोक्याची सूचना वाजली तर फ्लेअर्स (क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे) टाका आणि लगेच एखाद्या टेकाडामागे जा. फ्लेअर्सवर विसंबून सरळ रेषेत उडत राहणारे फार दिवस उडत नाहीत.

पहिल्यांदा माणसं घेऊन जाल तेव्हा सर्व्हरवर गर्दी कमी असताना जा, आणि आधीच सांगा की तुम्ही नवे आहात. लोक त्यावर बोलतात त्यापेक्षा जास्त समजून घेतात. स्क्वॉड लीडरला एलझेड जरा मोठा आणि शत्रूपासून लांब मागा. तो कुरकुरेल, पण दोनशे मीटर जास्त चालणं त्याला परवडतं.

शेवटच्या दहा मीटरमध्ये गवत आडवं पडायला लागतं, धूळ उठते, आणि जमिनीजवळची हवा हेलिकॉप्टरला खालून थोडा आधार देते. तिथे ते तरंगल्यासारखं होतं आणि बऱ्याच जणांना वाटतं अडकलं, म्हणून ते कलेक्टिव्ह एकदम सोडतात. सोडू नका, एकेक टिचकी खाली. स्किड (हेलिकॉप्टरच्या खालचे दांडे) टेकल्यावरही कलेक्टिव्ह पूर्ण खाली घेईपर्यंत कोणाला उतरा म्हणू नका. उतारावर हेलिकॉप्टर घसरतं आणि अर्धे लोक बाकावरून उतरलेले असताना तुम्ही गडबडीत परत वर उचलता.

आणि वाट बिघडली, म्हणजे तीनशेवर वेग जास्त दिसला किंवा उंची वाढली, तर दुरुस्त करत बसू नका. नाक समतल, कलेक्टिव्ह वर, व्हॉइसवर ‘गो अराउंड’ म्हणा आणि टेकडीमागून मोठा वळसा घेऊन परत या. मागून कोणीतरी ‘अरे उतरव ना’ म्हणेलच. त्याला उत्तर देऊ नका, तेवढ्यात तुम्हाला 900 मीटरचा टप्पा परत मोजायचा असतो.