तांब्यावर जगणाऱ्या देशाची वाढ मोजताना या चुका टाळा

एम.ए.च्या प्रकल्पासाठी दरवर्षी कुणीतरी झांबिया निवडतंच. निर्यातीच्या उत्पन्नातला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या तांब्याचा, म्हणजे विषय चांगलाच आहे. चुका मात्र त्याच त्या.

पहिली, भाववाढीलाच वाढ समजणं. २००२ मध्ये तांबं टनाला साधारण दीड हजार डॉलर होतं, २०११ च्या सुरुवातीला दहा हजारांवर गेलं. ही दोन टोकं धरून डॉलरमधला जीडीपी मांडला की कुठलंही सरकार कर्तबगार दिसतं. उत्पादनही वाढलं होतं, २००० मधल्या अडीच लाख टनांवरून दहा वर्षांत सात लाखांच्या आसपास. पण भाव त्याच्या कितीतरी पुढे पळाला. मी प्रत्येक वर्षासमोर समासात पेन्सिलीने तीन आकडे लिहिते: लंडनच्या धातुबाजारातला तांब्याचा भाव, टनातलं उत्पादन, क्वाचा या तिथल्या चलनाचा दर. एक दुपार जाते. ती वाचवायला निघालेल्यांचे पुढे महिने जातात.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने दोन ठिकाणची कोष्टकं उतरवून तशीच जोडली. आलेखाची रेष २०१३ ला थेट तळाला! त्यावर त्याने बावीस पानं लिहिली. भाव कोसळला, परकी भांडवल पळालं, सगळं आलं. तोंडी परीक्षेला चार दिवस असताना मसुदा माझ्याकडे आला. १ जानेवारी २०१३ ला झांबियाने चलनातली तीन शून्यं काढली, जुने १,००० क्वाचा म्हणजे नवा एक. पहिलं कोष्टक जुन्या क्वाचातलं होतं, दुसरं नव्या. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं बसलो, बावीसपैकी चार पानं उरली. मुलगा कष्टाळू होता, म्हणून फार वाईट वाटलं. कोष्टकाखालची बारीक टीप आधी वाचा, आकडे नंतर उतरवा.

खनिजाच्या कमाईने चलन महागून बाकीचे उद्योग मागे पडणं म्हणजे ‘डच रोग’. शेती किंवा कारखानदारी मागे पडल्याचं दाखवता येत नसेल तर हा शब्द वापरू नका.

बोत्स्वानाशी तुलना करून ‘तिथले नेते चांगले’ एवढ्यावर सुटू नका. तिथे हिरे आहेत, लोकसंख्या जेमतेम पंचवीस लाख, मुख्य हिरे कंपनीत सरकारची निम्मी भागीदारी आणि १९९४ पासून शिल्लक ठेवायला पुला फंड.

आणि अभ्यासाचा काळ २०१४ ला संपवू नका. २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये झांबियाने रोखे विकून एकूण ३ अब्ज डॉलर उचलले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांतल्याच एका रोख्यावरचं ४.२५ कोटी डॉलरचं व्याज थकलं.