अल्कीनच्या इलेक्ट्रोफिलिक समावेशन अभिक्रिया: या चुका टाळा

अल्कीन म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेलं संयुग. त्यासाठीचा मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (हायड्रोजन दुहेरी बंधातल्या जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनवर जातो) सगळ्यांना पाठ असतो, आणि बरीच उत्तरं नेमकी तिथेच चुकतात. ३-मेथिलब्यूट-१-ईनवर हायड्रोजन क्लोराइड टाकलं की नियम लावून २-क्लोरो-३-मेथिलब्यूटेन लिहून मोकळं व्हायचं. गुण अर्धेच मिळतात.

इथे कार्बोकॅटायन, म्हणजे अभिक्रियेत मध्येच बनणारा धनप्रभारित कार्बनचा आयन, काढूनच पाहा. प्रोटॉन पहिल्या कार्बनवर जातो, धनप्रभार दुसऱ्यावर येतो, हा द्वितीयक (दोन कार्बनांना जोडलेला). शेजारच्या तिसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन आहे. तो बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन सरकला, की धनप्रभार तृतीयक (तीन कार्बनांना जोडलेल्या) कार्बनवर जातो आणि जास्त स्थिर होतो. म्हणून २-क्लोरो-२-मेथिलब्यूटेनही भरपूर मिळतं. धनप्रभार आला की शेजारी बघायचं, ही सवय लावून घ्या.

बाणही तपासा. तो दुहेरी बंधातून निघून प्रोटॉनकडे जातो. प्रोटॉनकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नसतात, त्यामुळे उलटा बाण साफ चूक.

ब्रोमीनच्या बाबतीत मात्र मोकळं कार्बोकॅटायन काढू नका. तिथे तीन कोनांचा ब्रोमोनियम आयन बनतो आणि ब्रोमाइड विरुद्ध बाजूने येतं. सायक्लोहेक्झीनपासून ट्रान्स-१,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेन मिळतं, सिस नाही. द्रावक पाणी असेल तर ते ब्रोमाइडपेक्षा कितीतरी जास्त असतं. आयन तेच उघडतं आणि मुख्यतः ब्रोमोहायड्रिन (शेजारशेजारच्या कार्बनांवर ब्रोमीन आणि OH असलेलं संयुग) तयार होतं.

प्रयोगशाळेत ब्रोमीन वॉटरचा रंग गेला की लगेच 'असंपृक्त' (दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेलं) लिहू नका. फिनॉल आणि ॲनिलीनही रंग घालवतात, पण सोबत पांढरा साका देतात. परीक्षानळी थेट उन्हात धरू नका. प्रकाशात अल्केनशीही (फक्त एकेरी बंध असलेल्या) प्रतियोजन होऊन, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन येऊन, रंग जातो. अल्कीन पाण्यात मिसळत नाही, म्हणून प्रत्येक थेंबानंतर नळी नीट हलवा. न हलवता 'रंग गेला नाही' म्हणणं घाईचं आहे.

पेरॉक्साइड परिणाम, म्हणजे पेरॉक्साइड असताना मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमाच्या उलट उत्पादन मिळणं, फक्त हायड्रोजन ब्रोमाइडलाच लागू. क्लोराइड आणि आयोडाइडला तो लावणं ही परीक्षेतली ठरलेली चूक. इथे यंत्रणा मुक्तमूलकाची (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणाची) असते, इलेक्ट्रोफिलिक (इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या कणाची) नव्हे. खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये हा परिणाम मांडला. हवेशी संपर्क आलेल्या जुन्या अल्कीनमध्ये पेरॉक्साइड आपोआप तयार होतं. म्हणून प्रयोगात हायड्रोजन ब्रोमाइडने उलटंच उत्पादन दिलं, तर आधी बाटली किती दिवसांची आहे ते बघा.