दमट हवेतला लांब पल्ला: घोड्याची नाडी कशी पाहायची

ठाणे-नवी मुंबईत ऑक्टोबरमध्ये घाम सुकत नाही, नुसता निथळतो. घोड्याचंही तेच, त्यामुळे अंग थंड व्हायला वेळ लागतो. म्हणून एन्ड्युरन्सची (लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीची) तयारी इथे किलोमीटरवर मोजू नका; थांबल्यावर नाडी किती लवकर उतरते ते पाहा. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) स्पर्धेत मधल्या प्रत्येक टप्प्यानंतरच्या व्हेट गेटवर, म्हणजे पशुवैद्यांच्या तपासणी-थांब्यावर, 15 मिनिटांत ठोके मिनिटाला 64 वर किंवा त्याखाली यावे लागतात, नाहीतर घोडा बाद. सर्वांच्या पुढे असला तरी.

शेवटचा किलोमीटर चालत आणा, उतरून तंग (खोगिराचा पोटपट्टा) सैल करा, सावलीत घ्या. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या लगेच मागे लावा, 15 सेकंद मोजा, चारने गुणा. ‘लब-डब’ मिळून एक ठोका. नवखे हमखास दुप्पट मोजतात. विश्रांतीत साधारण 28 ते 44 ठोके असतात. पोचल्यावर 2, 5, 10 आणि 15 मिनिटांनी वहीत नोंद करा. नेहमीच्याच अंतरावर आकडा रोज हळू उतरू लागला, तर पल्ला कमी करा.

पाणी मानेवर, छातीवर, पायांवर, खरं तर अंगभर ओतत राहा. ओला टॉवेल टाकून ठेवू नका, तो तापतो. गार पाण्याने तापलेले स्नायू आखडतात, हा समज अजून बऱ्याच पागांत आहे. त्याला आधार नाही. गुदद्वारातलं तापमान 40 अंशांच्या वर राहिलं, तर ओतणं न थांबवता डॉक्टरांना बोलवा.

घोड्याच्या घामात मीठ फार असतं. त्यामुळे पाणी कमी होऊनही त्याला तहान लागेलच असं नाही. आधी पाणी पाजा, कोंडा ओला करून द्या, मगच इलेक्ट्रोलाइट (घामात गेलेल्या क्षारांचं मिश्रण). न प्यालेल्या घोड्याला मीठ चारलं, तर ते पाणी आतड्यात ओढून घेतं. नाडीच्या तालावर कुशी उडू लागल्या, तर बहुधा कॅल्शियम घटलंय, तिथेच थांबायचं.

64 वर आल्यावर सैल दोरीने 40 मीटर दुडकीने नेऊन आणा, आणि निघाल्यापासून एक मिनिटाने पुन्हा मोजा. ठोके तितकेच किंवा कमी, तर ठीक; 4 किंवा जास्त वाढले तर थकवा किंवा दुखणं लपलंय. दुडकीत पुढचा पाय टेकताना डोकं वर उडत असेल, तर तोच पाय दुखतोय.

घोडबंदर रोडसारख्या डांबरावर, काँक्रीटवर फक्त चालवा. हादरे थेट सांध्यांत जातात. दुडकी मातीवर. पावसाळ्यात खुराच्या तळातल्या खाचा रोज खरवडा: काळा, घाण वासाचा स्राव दिसला की खूर सडू लागलंय, तेव्हा पागेतली जमीन आधी कोरडी करा.