नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राचा सूत्रतक्ता कसा तयार करावा

गाइडच्या मागे सूत्रांची छापील यादी असते. ती तोंडपाठ असूनही गणित चुकतं, कारण यादीत नुसतं सूत्र असतं. ते कधी लागू पडतं, कोणत्या एककांत किमती घालायच्या आणि उत्तर साधारण केवढं यायला हवं, हे तिथे नसतं. म्हणून तक्ता स्वतःच्या हातानेच करावा. त्यासाठी एक मोठा कोरा कागद घ्या. दोन्ही बाजूंना चार रकाने आखा: शब्दांतलं सूत्र, चिन्हांतलं सूत्र, एककं आणि अट. चौथा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. मुलं तोच अरुंद ठेवतात आणि मार्क तिथेच जातात.

पायरी १: आधी शब्द, मग चिन्हं

‘बल = वस्तुमान × त्वरण’ असं आधी मराठीत लिहा आणि पुस्तकातली अक्षरं त्याच्या शेजारी. याचं कारण म्हणजे अक्षरं फसवतात. स्मॉल व्ही गतीच्या धड्यात अंतिम वेग असतो आणि भिंगांच्या धड्यात प्रतिमेचं अंतर. कॅपिटल व्ही कधी विभवांतर, तर कधी आकारमान. कॅपिटल पी दाब, शक्ती आणि भिंगाची शक्ती या तिघांसाठी येतो. ध्वनीच्या सूत्रात तर वारंवारितेचं ग्रीक चिन्ह न्यू आणि वेगाचा व्ही हस्ताक्षरात हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून न्यूचं टोक मुद्दाम वळवून लिहा.

पायरी २: गतीची तीन समीकरणं

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ
विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग
अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

तिघांचीही अट एकच: त्वरण एकसमान हवं. कोणतं वापरायचं हे ओळखायला गणितात काय दिलेलं नाही ते पाहा. काळ दिला नसेल आणि विचारलाही नसेल, तर तिसरं.

ताशी ७२ किमी वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर ४० मीटरमध्ये थांबली, तर त्वरण किती? आधी किमी/तासचे मीटर/सेकंद करा. त्यासाठी ५/१८ ने गुणायचं, म्हणजे २० मी/से. मग ० = ४०० + ८० × त्वरण, म्हणून त्वरण उणे ५ मी/से². तसंच ७२ घातलं असतं, तर उणे ६४.८ आलं असतं, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या साडेसहा पटींहून जास्त. असा ब्रेक कुठल्याही गाडीला नसतो. उत्तराकडे एकदा अशा नजरेने बघायची सवय लागली की निम्म्या चुका वहीतच सापडतात.

कार्य = बल × विस्थापन, गतिज ऊर्जा = अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग, स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची, शक्ती = कार्य ÷ काळ. या चार ओळी सरळ उतरवा. पहिलीच्या अटीत मात्र ‘बल आणि विस्थापन एकाच दिशेत’ असं लिहा.

पायरी ३: स्थिरांक एकमेकांवर तपासा

कॅपिटल जी आणि स्मॉल जी यांची गल्लत दरवर्षी होते. कॅपिटल जी हा वैश्विक गुरुत्व स्थिरांक: ६.६७ × १० चा उणे ११ वा घात, एकक न्यूटन·मीटर²/किलोग्रॅम². विश्वात कुठेही गेलात तरी तोच. स्मॉल जी म्हणजे गुरुत्व त्वरण, साधारण ९.८ मी/से². ध्रुवांवर ९.८३, विषुववृत्तावर ९.७८ आणि चंद्रावर सुमारे एक षष्ठांश.

हे आकडे सुटे पाठ करू नका. पृथ्वीचं वस्तुमान ६ × १० चा २४ वा घात किलोग्रॅम आणि त्रिज्या ६.४ × १० चा ६ वा घात मीटर घ्या. कॅपिटल जी गुणिले वस्तुमान, भागिले त्रिज्येचा वर्ग, हे करून पाहा: ९.७७ येतं. इथली नेहमीची चूक म्हणजे ६.४ चा वर्ग केला जातो आणि दहाचा घात सहाच राहतो; तो बारा व्हायला हवा. मुक्तिवेगाचंही तसंच. २ × ९.८ × त्रिज्या याचं वर्गमूळ काढलं की ११,२०० मी/से, म्हणजे सेकंदाला ११.२ किमी मिळतात. वर्गमूळ काढताना दहाचा घात विषम असेल, तर आधी सम करून घ्या: ४ × १० चा ७ वा घात म्हणजेच ४० × १० चा ६ वा घात.

वजन न्यूटनमध्ये असतं, हेही इथेच लिहा. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाचं वजन ४९० न्यूटन.

प्रकाशाचा निर्वातातला वेग गणितासाठी ३ × १० चा ८ वा घात मी/से पुरे. नेमका आकडा २९,९७,९२,४५८ आहे आणि १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावर बेतलेली असल्याने तो आता बदलत नाही.

पायरी ४: विद्युतधारा, जिथे दोन सूत्रं भांडतात

विभवांतर = विद्युतधारा × रोध. यातून शक्तीची दोन सूत्रं निघतात: धारेचा वर्ग × रोध, आणि विभवांतराचा वर्ग ÷ रोध. पहिलं सांगतं की रोध वाढला तर शक्ती वाढते, दुसरं सांगतं की घटते. मग खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत, कारण काय कायम आहे ते वेगळं आहे. एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखी, म्हणून तुलनेला पहिलं वापरा. समांतर जोडणीत, म्हणजे घरच्या वायरिंगमध्ये, विभवांतर सारखं, म्हणून दुसरं. २३० व्होल्टचे १०० आणि ४० वॅटचे तारेचे दोन बल्ब एकसर जोडले, तर ४० वॅटचा जास्त उजळतो, कारण त्याचा रोध जास्त असतो. चौथ्या रकान्यात हे ठळक अक्षरांत हवं.

समांतर जोडणीत ६ आणि ३ ओहमचे रोध: १/६ + १/३ = १/२, म्हणून परिणामी रोध २ ओहम. पुष्कळ जण १/२ वरच थांबतात, उलटं करायचं राहून जातं. ताळा सोपा आहे: समांतर जोडणीचं उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा कमी येतं, पण इतकं कमी येण्याचं कारण नाही. दोनच रोध असतील तर ते लहान रोधाच्या निम्म्याखाली जात नाही.

वीजबिलातला एक युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट.

पायरी ५: उष्णता

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक. फरकात २७३ मिळवायचे नसतात. २० अंश सेल्सिअसचा फरक केल्विनमध्येही २० च असतो. अवस्था बदलताना तापमान बदलत नाही, तिथे वस्तुमान × अप्रकट उष्मा. बर्फ वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी, पाण्याची वाफ व्हायला ५४०. एक कॅलरी ४.१८ ज्यूल. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ त्वचेवर येऊन ३७ अंशांपर्यंत थंड होताना ५४० + ६३ = ६०३ कॅलरी देते, उकळतं पाणी फक्त ६३. वाफेचा चटका पाण्यापेक्षा वाईट का, त्याचं उत्तर या बेरजेत आहे.

पायरी ६: प्रकाश आणि चिन्हं

आरसा: १/प्रतिमेचं अंतर + १/वस्तूचं अंतर = १/नाभीय अंतर. भिंग: तेच, पण मधे उणे. कागदावर दोन्ही एकाखाली एक लिहा आणि मधलं चिन्ह लाल पेनाने गिरवा. वस्तू डावीकडे ठेवतात म्हणून तिचं अंतर नेहमी ऋण. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धन, अंतर्वक्राचं ऋण.

नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, भिंग बहिर्वक्र: १/२० − १/३० = १/६०, म्हणून प्रतिमा +६० सेमीवर आणि विशालन ६० ÷ (−३०) = −२, म्हणजे उलटी आणि दुप्पट. वस्तूच्या अंतराचं उणे विसरलं, तर १२ सेमी येतं. पण वस्तू नाभीच्या पलीकडे असताना खरी प्रतिमा नाभीच्या आत पडूच शकत नाही, म्हणजे चूक तिथेच पकडता येते. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये घ्या: २० सेमी म्हणजे ०.२ मी, शक्ती ५ डायॉप्टर.

प्रतिध्वनीत आवाज जाऊन परत येतो, म्हणून अंतराला २ ने भागायला विसरू नका. हवेत २२ अंशांना वेग ३४४ मी/से आणि मेंदूत आवाज रेंगाळतो ०.१ सेकंद, म्हणून किमान अंतर १७.२ मीटर.

पायरी ७: तक्ता वापरात आणा

चौथा दिवस उजाडला की मूळ कागद न बघता नवा लिहा आणि मग ताडून पाहा. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून सराव हातानेच. प्रत्येक गणितात दिलेल्या किमती, सूत्र, किमती घालणं, उत्तर आणि एकक, या क्रमाने ओळी लिहा. गणित चुकलं की नुसतं खोडू नका. तक्त्यातल्या त्या ओळीत ज्या रकान्यामुळे चुकलं, तिथे पेन्सिलीने टिंब द्या. महिन्याभरात टिंबांची गर्दी कुठे झाली ते दिसतं. बहुतेकांच्या कागदावर ती एककांत आणि अटींत असते, सूत्रांच्या रकान्यात फारशी नसते.