ऑनलाइन थेरपिस्टकडे माणूस नको, प्रसंग घेऊन जा

पहिल्या सेशनला बहुतेक जण निकाल लावूनच येतात. सासूबाई खवचट आहेत, नवऱ्याला माझी किंमत नाही, मुलगी हाताबाहेर गेलीय. मन मोकळं होतं हे खरं, पण त्या निकालाचं थेरपिस्टनी करायचं काय? ज्यांच्याबद्दल बोलतोय ते स्क्रीनवर नसतात आणि थेरपिस्ट त्यांना सुधारू शकत नाही. म्हणून सेशनला जाताना त्या आठवड्यातला एकच प्रसंग न्यावा. कुठे घडला, कोण काय बोललं, मी काय बोलले, त्यानंतर काय झालं. शक्यतो घडला त्याच दिवशी मोबाइलवर चार ओळींत टिपून ठेवावा, कारण आठवड्याभरात आपण आपले संवाद सुधारतो आणि समोरच्याचे बिघडवतो.

माझंच उदाहरण देते. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात, दादा दुसऱ्या शहरात. एका रात्री त्याचा फोन आला, "हल्ली तू बाबांवर फार चिडतेस असं ऐकतोय." सेशनमध्ये मी सुरुवात केली ती दादा लहानपणापासून कसा वरचढ आहे इथून. मॅडमनी थांबवलं. "ते लहानपणी. परवा फोनवर त्यांचं वाक्य काय होतं? आणि हे त्यांना कुणी सांगितलं?" सांगितलं अर्थातच बाबांनी. म्हणजे खटकलं बाबांना, तक्रार गेली दादाकडे आणि भांडण लागलं बहीणभावात. मरे बोवेन या अमेरिकी मनोचिकित्सकांनी कुटुंबातल्या या त्रिकोणाबद्दल बरंच लिहिलंय: दोघांमधला ताण सोसेना झाला की तिसऱ्याला मधे ओढलं जातं. त्यामुळे दोघांना तात्पुरतं बरं वाटतं आणि मूळ दुखणं तिथंच राहतं.

मग स्क्रीन शेअर करून त्यांनी आमच्या तीन पिढ्यांची आकृती काढली. याला जेनोग्राम म्हणतात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली, भांडण असेल तिथे नागमोडी रेघ. वंशावळीत कोण कुणाचा कोण एवढंच कळतं, इथे कोण कुणाशी कसं वागतं तेही दिसतं. बाबा आणि काका यांच्यामध्ये थेट रेघ काढायलाच मला सुचेना. त्यांचं सगळं आजीमार्फत चालायचं. अशी आकृती काढायला तुम्हीही सांगा. घरातल्यांची वयं, लग्नं, मृत्यू, दुरावे यांची माहिती आधी जमवून ठेवली तर सेशनचा वेळ वाचतो.

त्यानंतरचा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटला आणि तोच मागून घ्यायला लोक लाजतात: तालीम. मॅडम दादा झाल्या, मी मीच. माझं पहिलं उत्तर पाच वाक्यांचं होतं, त्यात आईसुद्धा आली. काटछाट होत होत उरलं ते असं: "दादा, बाबांना माझं काही खटकलं तर त्यांनी मला सांगावं. आपण दोघं आपलं बोलू." दादा यावर दुखावला जाईल, दोन-चार दिवस फोन करणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं. तसंच झालं. माणसाने आपली जागा बदलली की घर त्याला जुन्या जागी ढकलायला बघतं. ते झालं म्हणून थेरपी फसली असं समजू नका.

आता थेरपिस्ट निवडण्याचं. पदवी आणि नोंदणी विचारायलाच हवी, आणि त्याचा राग येत असेल तर दुसरीकडे बघावं. पण वर्षांच्या आकड्यावर फार जाऊ नका. मी दोन प्रश्न विचारते. कुटुंबाच्या प्रश्नांवर तुम्ही नेमकं कसं काम करता? आणि एखादी केस अवघड झाली तर तुम्ही कुणाचा सल्ला घेता? अनुभवी माणसाकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. शिवाय घरात ज्या भाषेत भांडता ती भाषा येणारीच थेरपिस्ट शोधा. टोमणा समजावून सांगावा लागला की त्यातला डंख जातो.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत बोलून घ्या. नोट्स कुठे ठेवतात, रेकॉर्डिंग होतं का, कोणत्या परिस्थितीत त्यांना गुप्तता मोडावी लागते. जिवाला धोका असेल तर मोडावी लागते, हे साधारण सगळीकडे लागू आहे. नवराबायको मिळून जाणार असाल तर एकट्यात सांगितलेलं जोडीदाराला कळणार का, हे आधी ठरवा. नंतर फार महागात पडतं.

ऑनलाइनची खरी अडचण इंटरनेट नसून भिंती आहेत. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत असतात. हेडफोनमुळे समोरचा आवाज लपतो, आपला नाही. दाराशी पंखा लावा, बाहेर रेडिओ लावा किंवा सरळ उभ्या गाडीत जाऊन बसा. चोरून ऐकलं जाण्याची भीती असेल तर एक सांकेतिक वाक्य ठरवा, ते उच्चारलं की विषय बदलायचा. कॉल तुटला तर कोण कुणाला लावणार तेही ठरवा, नाहीतर नेमक्या रडण्याच्या वेळी दोघं एकमेकांना लावत बसतात आणि दोघांचा फोन व्यग्र. स्क्रीनवरचा स्वतःचा चेहरा बंद करा. मी तर बराच वेळ स्वतःचे केसच बघत होते.

सेशन साधारण 45-50 मिनिटांचं असतं. संपलं की लगेच कामाला भिडू नका. क्लिनिकमधून घरी येताना रस्ता असतो, इथे लॅपटॉप मिटला की आपण घरातच असतो. दहा मिनिटं तरी फिरून या.

काही थेरपिस्ट अधूनमधून पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण 0 ते 27. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे घरच्यांना त्रास नको म्हणून शून्यावर खूण करू नका. असे विचार तीव्र असतील, घरात मारहाण होत असेल किंवा कुणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर फक्त स्क्रीनवर भागत नाही, प्रत्यक्ष डॉक्टर लागतो. चांगली थेरपिस्ट हे स्वतःहून सांगते. म्हणूनच सुरुवातीला तुमचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागते. तो खराच द्या.

काही सेशननंतरही कुठे चाललोय ते कळत नसेल तर सोडून देण्याआधी तसं तोंडावर म्हणा. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग मांडले: काय साधायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. यातलं काय ढिलं झालंय ते विचारा. मॅडम छान आहेत, पण दर वेळी नुसत्या गप्पा होतात, हे वाक्य मी जसंच्या तसं बोलले होते. पुढच्या वेळेपासून सुरुवातीची पाच मिनिटं "आज काय हवंय" यासाठी राखली गेली.

बरं वाटायला लागलं की एकदम बंद न करता अंतर वाढवत न्या, आठवड्यावरून पंधरवडा, मग महिना. शेवटच्या भेटीत परत यायचं झालं तर कसं यायचं, आणि तुमच्या नोट्स किती काळ ठेवल्या जातील, एवढं विचारून घ्या.