आयर्न हॉर्स ट्रेलवर ई-बाइक कशी चालवावी

कॅलिफोर्नियात कॉन्कर्डपासून वॉलनट क्रीक, डॅनव्हिल, सॅन रॅमॉन आणि डब्लिन असे करत प्लेझंटनपर्यंत जाणारी आयर्न हॉर्स ट्रेल ही मुळात आगगाडीची वाट. सदर्न पॅसिफिक कंपनीचा १८९१ मध्ये सुरू झालेला हा फाटा १९७८ मध्ये बंद पडला आणि रुळांच्या जागी पुढे पक्की वाट झाली. डॅनव्हिलचे जुने स्टेशन आजही या वाटेलगत उभे असून त्यात आता सॅन रॅमॉन खोऱ्याचे संग्रहालय आहे. आगगाडीसाठी आखलेली वाट असल्यामुळे चढ सौम्य आहेत, वळणे मोठी आहेत, समोरचे लांबवर दिसते, आणि म्हणून ई-बाइक येथे आपसूकच वेग घेते. अडचण नेमकी तिथेच आहे, कारण ही वाट एकट्या सायकलवाल्यांची नाही. पायी फिरणारे, धावणारे, बाबागाड्या ढकलणारे, कुत्री फिरवणारे, क्वचित एखादा घोडेस्वार आणि मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला आलेले, सकाळी स्वेटर व कानटोपी घालून बाहेर पडणारे आपले आईवडील, हे सारे या एकाच पट्ट्यावर असतात.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकावी. मोटर ही वारा, ओझे आणि थकवा यांच्यासाठी आहे, वेगासाठी नाही. या ट्रेलवर वेगमर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर आहे, आणि गर्दीत तीही जास्तच होते.

सायकल घेण्याआधी तिचा वर्ग पाहावा. कॅलिफोर्नियात ई-बाइकचे तीन वर्ग मानतात. पहिल्या वर्गात पॅडल मारले तरच मोटर मदत करते आणि ताशी २० मैलांवर ती मदत थांबते. दुसऱ्या वर्गात मर्यादा तीच, पण थ्रॉटल असतो, म्हणजे पाय न हलवताही सायकल पुढे जाते. तिसऱ्या वर्गात मदत ताशी २८ मैलांपर्यंत मिळते, चालवणाऱ्याचे वय किमान १६ वर्षे लागते आणि कोणत्याही वयात हेल्मेट सक्तीचे असते. मोटरची शक्ती ७५० वॉटच्या आत असावी लागते. वर्ग, मदतीचा कमाल वेग आणि मोटरची शक्ती सांगणारी चिकटपट्टी चौकटीवर असणे २०१७ पासून बंधनकारक आहे. ती नसेल तर स्वस्त मिळते म्हणून सायकल घेऊ नये. या ट्रेलसाठी पहिला वर्ग पुरेसा आहे, असे माझे मत आहे. भारतात २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेतील सायकल मोटार वाहन मानली जात नाही, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्याला येथील आकडे सैल वाटतील. पण सैल आकडा म्हणजे तेवढ्या वेगाने जाण्याची परवानगी नव्हे. शाळा सुटल्यावर जाड टायरच्या, नावालाच पॅडल असलेल्या गाड्या पळवणारी मुले पाहिली की ई-बाइकविषयी पायी चालणाऱ्यांचा राग कुठून येतो ते कळते; त्या गाड्या बहुधा या तीनपैकी कोणत्याच वर्गात बसत नाहीत, पण बोल मात्र सगळ्यांनाच लागतो.

वर्गाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे सेन्सर, आणि दुकानात त्याविषयी कोणी आपणहून फारसे सांगत नाही. काही सायकलींत पॅडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखले जाते. अशा सायकलीत मोटर किंचित उशिरा सुरू होते, एकदम ढकलते, आणि पाय थांबल्यावरही क्षणभर रेटत राहते. बाबागाडीच्या मागे हळूहळू जाताना हा क्षणभराचा रेटा फार मोठा वाटतो. पायाचा जोर मोजणारा सेन्सर असेल तर मदत जोराच्या प्रमाणात मिळते आणि सायकल आपल्या पायांचे ऐकते. मात्र तिचीही एक खोड आहे. ट्रेल रस्त्याला छेदते तिथे सिग्नलसाठी थांबलो असताना मी सवयीने उजवा पाय पॅडलवर टेकवून ठेवला होता. नकळत भार पडला आणि सायकलीने पुढच्या माणसाच्या पोटरीला धक्का दिला. लागले नाही, पण त्याने वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते. तेव्हापासून थांबल्यावर मी दोन्ही ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक दाबताच मोटर बंद होण्याची सोय सायकलीत आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे, आणि थांबण्याआधीच गिअर हलका करून ठेवावा, म्हणजे निघताना जोर लावावा लागत नाही.

आता ओलांडून पुढे जाण्याविषयी, कारण बहुतेक तक्रारी तिथेच होतात. ताशी ३२ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात जवळजवळ ९ मीटर जाते. २४ च्या वेगात पावणेसात मीटर आणि १५ च्या वेगात चार मीटरांच्या आसपास. दचकून ब्रेककडे हात जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते, आणि साधी सायकल १२-१३ किलोची असली तर ई-बाइक सहज २५ किलोची भरते. त्यामुळे २०-२५ मीटर अलीकडेच मदतीची पातळी सर्वांत खाली आणावी, घंटी एकदाच आणि हलकेच वाजवावी, समोरच्याने ऐकले याची काहीतरी खूण मिळेपर्यंत मागे राहावे, आणि मग हात लांब करूनही स्पर्श होणार नाही इतके अंतर ठेवून डावीकडून पुढे जावे.

येथे ‘ऑन युअर लेफ्ट’ असे ओरडून सांगण्याची पद्धत आहे. ‘मी तुमच्या डावीकडून जातो आहे, तुम्ही उजवीकडेच राहा’ एवढा अर्थ त्या तीन शब्दांत भरलेला असतो. माझ्या सासऱ्यांनी आल्याच्या तिसऱ्या दिवशी हे शब्द ऐकले आणि तत्परतेने डावीकडे सरकले, थेट सायकलीच्या पुढ्यात. सायकलवाल्याने कचकन ब्रेक दाबला. घरी आल्यावर त्यांचा प्रश्न बिनतोड होता: “तो ‘लेफ्ट’ म्हणाला, मी लेफ्टला झालो. माझं काय चुकलं?” शिवाय भारतात आयुष्यभर डावी बाजू धरलेली असल्यामुळे आपली वडीलधारी मंडळी येथेही डावीकडूनच चालतात. तेव्हा घरी पाहुणे आले की पहिल्याच दिवशी त्यांना उजवी बाजू दाखवावी, आणि स्वतः सायकलवर असताना ज्येष्ठ जोडपे दिसले तर शब्दांवर विसंबू नये. घंटी वाजवून वेग चालण्याइतका करावा आणि त्यांनी मागे वळून पाहिल्यावरच पुढे जावे. यात दहा सेकंद जातात.

कुत्र्याचा पट्टा लांब सुटणारा असेल तर तो वाट अडवून ताणलेला असू शकतो, म्हणून मालक एका बाजूला आणि कुत्रे दुसऱ्या बाजूला दिसताच सरळ थांबावे. घोडा दिसल्यास मागून घंटी मुळीच वाजवू नये. ई-बाइक आवाज न करता जवळ येते आणि घोडा त्याने बिथरतो. दुरूनच साध्या आवाजात बोलावे, स्वाराने हात दाखवला की मगच पुढे जावे. नियमही असाच आहे की सायकलीने पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला, दोघांनाही वाट द्यावी.

एवढे सांभाळून उरते काय, असे कोणी विचारील. उन्हाळ्यात दुपारनंतर डब्लिनच्या बाजूला वारा असा सुटतो की साध्या सायकलीवर मान खाली घालून दात-ओठ खावे लागतात. शनिवारी सकाळी डॅनव्हिलच्या शेतकरी बाजारातून टोमॅटो, पीच आणि कोथिंबिरीच्या जुड्या मागच्या पिशव्यांत भरून निघालो, वाटेत मित्राकडे चहाला थांबलो आणि उशीर झाला, तरी परतीच्या वाऱ्याची धास्ती वाटत नाही. रिकामा पट्टा पाहून मदत एक पातळी वर घेतो. पाय फिरत राहतात, धाप लागत नाही आणि दोन्ही बाजूंच्या ओक वृक्षांकडे पाहायला उसंत मिळते. गुडघ्याच्या दुखण्यामुळे सायकल सोडून दिलेली माझी पत्नीही याच मदतीमुळे पुन्हा सोबत येऊ लागली आहे. सौम्य मदतीत दर किलोमीटरला १० वॉट-अवर (बॅटरीतील विजेचे माप) इतका खर्च धरला, तर ५०० वॉट-अवरची बॅटरी सुमारे ५० किलोमीटर पुरते. वाऱ्यात आणि ओझ्यासह तो हिशोब बराच खाली येतो, म्हणून जाताना निम्म्याहून कमी वापर होईल असे पाहावे. बॅटरी संपलीच तर डब्लिन-प्लेझंटन किंवा प्लेझंट हिल येथील बार्टचे, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेचे, स्टेशन ट्रेलपासून जवळ आहे. मात्र २५ किलोची सायकल जिन्यावरून वाहून नेण्याचा विचार करू नये. लिफ्ट कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावे.